पोटखराब्यांतील मोरशिखा

सात-बाराच्या उताऱ्यावर खडकाचा भाग ‘पोटखराब’ म्हणून नोंदला जातो. आकारणीच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु तेवढ्यावरून तेथें कांहींच जगत नाहीं, असें समजूं नये. नाशिक जिल्ह्यांतील डोंगरांच्या सावलीच्या कपारींत व जुन्या चिरेबंदी भिंतींच्या सांध्यांत मोरशिखा नांवाचा एक लहानसा नेचा आढळतो. बारीक देठाच्या टोकाशीं पंख्यासारखें पसरलेलें त्याचें पान मोराच्या तुऱ्यासारखें दिसतें, म्हणून हें नांव पडलें.

या वनस्पतीस फूल येत नाहीं, फळ धरत नाहीं, बींही होत नाहीं. पानाच्या चिरफळ्यांच्या पाठीस, कडेनें, सूक्ष्म बीजाणू तयार होतात. बीजाणू ओल्या जागीं पडला म्हणजे त्यापासून प्रथम नखाहूनही लहान अशी चपटी हिरवी पापडी होते. तिच्यावरील पुंबीज पाण्याच्या पातळ थरांतून पोहत स्त्रीबीजापर्यंत पोंचलें, तरच नवा नेचा उगवतो. मध्येंच ओल आटली, तर वंश तेथेंच खुंटतो.

वाढलेलें रोप मात्र मोठें चिवट असतें. पावसाळा सरला म्हणजे पानें सुकून आंत वळतात. पुन्हा पाऊस लागतांच तीं उलगडून हिरवीं होतात. सारांश, जुनें रोप कोरडेपणा सोसतें, पण नव्याचा जन्म ओलीवांचून होत नाहीं. कपारीवर सावली धरणारें झाड तोडलें म्हणजे ती ओल लवकर जाते.

दुसरें संकट उपटण्याचें. मोरशिखा औषधी म्हणून मुळासकट काढतात. आयर्लंडांतील किलार्नी येथें ओल्या, सावलीच्या खडकांवर वाढणारा एक नाजूक नेचा एकोणिसाव्या शतकांत हौशी लोकांनीं इतका ओरबाडला, कीं तो दुर्मिळ होऊन बसला. आपणांस तो धडा पुरेसा आहे.

आपल्या सुरगाणे तालुक्यास लागून असलेल्या डांगांत, आहवा येथील रानांतून, अवघ्या १ सेंटिमीटरच्या सुमाराचा एक नेचा शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रथमच जगापुढें मांडला. इतकी लहान वस्तु इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत आली नाहीं, यांत नवल नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंस विनंति, कीं औषधास लागतील तेवढींच पानें खुडावीं, मूळ जागेवर राहूं द्यावें. कपारीवरचें झाड राखावें. आणि खडकास सुरुंग लावण्यापूर्वीं पावसाळ्यांत एकदां तरी तो खडक जवळून पाहावा. पोटखराब्यास आकार नाहीं. पण तेथून गेलेलें पुन्हा सहज येत नाहीं.