साच्यातून उमटणारे लेसर

श्रावण लागला की मालवण परिसरातल्या गणपतीच्या शाळा गजबजतात. घरोघरचे पाट तिथे पोचतात आणि त्यांवर मूर्ती आकार घेऊ लागतात. नुसत्या हाताने मूर्ती घडवणारे कसबी मूर्तिकार आजही आहेत. पण साच्याचा वापरही सर्रास होतो. मूळ मूर्तीवर मेहनत एकदाच घ्यायची, पुढे साचा आणि माती. अगदी सूक्ष्म लेसर स्वस्तात बनवण्याची एक रीत नेमकी अशीच आहे.

लेसरला प्रकाश वाढवणारा पदार्थ लागतो, त्याला ऊर्जा पुरवणारा स्रोत लागतो आणि प्रकाशाला त्या पदार्थातून पुन्हापुन्हा फिरवणारे आरसे लागतात. लेसर लहान करायचा तर खरी अडचण आरशांची. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकातच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला होता. हा स्फटिक ठरावीक दिशेने तडकवला की त्याची कड इतकी सपाट निघते की सुमारे ३२ टक्के प्रकाश तिच्यावरूनच परततो. वेगळा आरसा नको! पण असा शुद्ध स्फटिक तयार करणे हे मोठे खर्चाचे काम.

प्लास्टिकच्या पातळ थरात रंगद्रव्य मिसळणे त्या मानाने फारच स्वस्त. मात्र प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास असल्याने त्याच्या कडेवरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परततो. यावर १९७१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कोगेलनिक आणि शँक यांनी तोड काढली. रोडामिन हे रंगद्रव्य मिसळलेल्या जिलेटिनच्या थरातच त्यांनी समांतर रेघांची जाळी निर्माण केली. एकेक रेघ अगदी थोडा प्रकाश मागे पाठवते. पण रेघांमधले अंतर थरातील तरंगलांबीच्या निम्मे ठेवले, तर परतणाऱ्या साऱ्या लाटा एकमेकींशी जुळतात आणि हजारो रेघा मिळून उत्तम आरसा होतो. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची लांबी या थरात ४०० होते. म्हणजे रेघा २०० नॅनोमीटरवर हव्यात. केसाच्या जाडीत अशा तीन-चारशे मावतील!

इतक्या बारीक रेघा इलेक्ट्रॉनांच्या झोताने कोरता येतात, पण ते काम संथ आणि महाग. इथे साचा उपयोगी पडतो. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत नावारूपाला आणली. कोरलेल्या मूळ तबकडीवर पातळ सिलिकॉन रबर ओतायचे, घट्ट झाले की सोलून काढायचे आणि त्या साच्याने प्लास्टिकवर ठसे उठवायचे. रबर लवचीक असल्याने सोलताना रेघा मोडत नाहीत.

ठशात एवढे बारीक तपशील उतरतात का? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने मोत्याचा शिंपला मेणावर दाबला, तेव्हा शिंपल्याची रंगीत झळाळी मेणावरही उमटली. काही रंग शिंपल्याच्या आतल्या थरांमुळे नव्हे, तर पृष्ठावरच्या सूक्ष्म रेघांमुळे दिसतात, हे त्यातून कळले.

साच्याने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र नाही. या थरांना चेतवायला बहुधा दुसऱ्या लेसरचे झोत लागतात आणि रंगद्रव्य वापराने विटत जाते. त्यामुळे शाळेत लेसर तयार होणार नाही. ठसा मात्र नक्की घेता येईल.

घरी माहिती भरता येणारी जुनी सीडी घ्या. छापील बाजूवर ओरखडा काढून चिकटपट्टीने चकचकीत थर ओढून काढा. उरलेली पारदर्शक चकती स्पिरिटने धुवा. थर निघालेल्या बाजूवर फेविकॉल पातळ पसरा, पूर्ण वाळू द्या (पावसाळ्यात कोकणात दोन दिवस धरावेत) आणि अलगद सोला. सोललेल्या पापुद्र्यात इंद्रधनुष्याचे रंग दिसतील. लाल लेसर-टॉर्चचा किरण त्यातून सरळ पाठवून १ मीटरवरच्या पडद्यावर पाहा. किरण कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. सीडीच्या रेघा १६०० नॅनोमीटरवर असतात, म्हणून ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे ठिपके मधल्या ठिपक्यापासून दोन्हीकडे सुमारे ४४ सेंटिमीटरवर पडायला हवेत. ते अधिक दूर पडले, तर वाळताना फेविकॉल किती आकसला, याचे गणित मुलांना करायला द्यावे.