चांगथांग
चांगथांग : तिबेटच्या पठाराचा पश्चिमेकडे भारताच्या लडाख केंद्रशासित प्रदेशात पसरलेला उच्च पठारी भाग व तेथील भटक्या पशुपालकांची भूमी. तिबेटी भाषेत या नावाचा अर्थ ‘उत्तरेकडील पठार’ असा होतो. पठाराचा बहुतेक विस्तार तिबेटमध्ये असून लडाखमधील भाग लेहच्या आग्नेयीस आहे. त्याची उंची सर्वसाधारणपणे ४,००० मी. पेक्षा अधिक आहे.

हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे पाऊस अत्यल्प पडतो. हिवाळ्यात तपमान −३०° से. च्याही खाली जाते. विरळ हवा, प्रखर ऊन व दुपारनंतर सुटणारे जोरदार वारे ही येथील हवामानाची वैशिष्ट्ये होत. त्सो मोरीरी, त्सो कार व पँगाँग ही येथील प्रमुख सरोवरे असून त्सो कारचे पाणी खारे आहे. वृक्ष जवळजवळ नाहीतच. खुरटी काटेरी झुडुपे व विरळ गवत हीच मुख्य वनश्री. झऱ्यांच्या व सरोवरांच्या काठी मात्र ओलसर कुरणे आढळतात. किआंग हे रानगाढव, हिमबिबट्या, लांडगा व कृष्णग्रीव क्रौंच हे उल्लेखनीय प्राणी-पक्षी होत. हिवाळ्यात महाराष्ट्रातील जायकवाडीसारख्या जलाशयांवर दिसणाऱ्या पट्टकादंब हंसांची वीण अशाच उंच सरोवरांकाठी होते.

येथील पशुपालकांना चांगपा म्हणतात. ते प्रामुख्याने बौद्ध असून १९८९ मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. कोरझोक, समद व खरनाक हे त्यांचे प्रमुख गट. शेळ्या, मेंढ्या, याक व घोडे ही त्यांची संपत्ती होय. याकच्या केसांपासून विणलेल्या तंबूस ‘रेबो’ म्हणतात. दूध, लोणी, वाळविलेले चीज, मांस व भाजलेल्या जवाचे पीठ हा त्यांचा आहार. इंधन म्हणून वाळलेले शेण व झुडुपे वापरतात. पूर्वी त्सो कारचे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून झांस्कर वगैरे भागांत नेत व त्याच्या मोबदल्यात जव आणीत.

चांगपांचे स्थलांतर हे निरुद्देश भटकणे नव्हे. गवत विरळ असल्याने एकाच जागी दीर्घकाळ चराई झाल्यास त्याची पुन्हा वाढ होत नाही. म्हणून कळप ठराविक क्रमाने हलवितात. बर्फ कमी साचणारी कुरणे हिवाळ्यासाठी राखून ठेवतात. कोणत्या कुटुंबाने कोठे व केव्हा चारावे याची व्यवस्था ‘गोबा’ हा गटप्रमुख पाहतो. त्यामुळे कुरणाची मालकी सामाईक असूनही त्याचा वापर निर्बंधित राहतो.

कडाक्याच्या थंडीमुळे चांगथांगी शेळीच्या राठ केसांखाली मऊ लोकर वाढते, तीच पश्मीना. तिच्या तंतूची जाडी सु. १२ ते १५ मायक्रॉन असते. उन्हाळ्याच्या आरंभी ही लोकर विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला साधारणपणे पाव किलोच्या आसपास लोकर मिळते. काश्मीरच्या शालींचा उद्योग या लोकरीवर उभा राहिला. तिच्या व्यापाराचे महत्त्व एवढे होते, की १६८४ च्या तिंगमोसगांग तहातही त्याची तरतूद करावी लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जीवनक्रमावर ताण येऊ लागला. १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासित पशुपालकांमुळे कुरणांवरील भार वाढला, तर १९६२ च्या युद्धानंतर सीमेवरील काही हिवाळी कुरणे दुरावली. २०१३ च्या हिमवृष्टीत चाऱ्याअभावी असंख्य करडे दगावली. शिक्षण, आरोग्यसेवा व रोजगार यांसाठी खरनाकची बहुतेक कुटुंबे लेहजवळ स्थायिक झाली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने लडाखमधील १३ गिगावॉट क्षमतेच्या नवीकरणीय ऊर्जा प्रकल्पाच्या पारेषण वाहिनीस मंजुरी दिली. पांग परिसरातील कुरणे त्यामुळे कमी होतील, अशी पशुपालकांची चिंता आहे.

पश्मीनाला बाजारात मागणी असली, तरी कळपामागे वर्षभर हिंडणारी माणसे कमी होत आहेत. गवताची वाढ, हिमपाताची लक्षणे व पाण्याच्या जागा यांचे ज्ञान प्रत्यक्ष चराईतूनच पुढील पिढीस मिळते. म्हणूनच कुरणे सुरक्षित ठेवणे आणि छावण्यांपर्यंत शाळा, पशुवैद्यक व हिवाळी चारा पोहोचविणे, या दोन्हींवर चांगथांगच्या पशुपालनाचे भवितव्य अवलंबून आहे.