'सेटल्ड' शेऱ्याची वीस वर्षं

२००५च्या आसपास क्रेडिट कार्ड मागावं लागत नसे, ते गळ्यात पडत असे. मॉलच्या दारात, स्टेशनबाहेर, कंपनीच्या कँटीनमध्ये टाय लावलेली मुलं फॉर्म घेऊन उभी असत. वार्षिक फी माफ, पगाराची स्लिप असली तर उत्तम. महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागेल हे बारीक अक्षरात आणि 'किमान देय रक्कम' मात्र ठळक. ती भरली की बँकेचा फोन येत नसे, पण मुद्दलही फारसं हलत नसे.

मार्च २००८मध्ये देशात सुमारे पावणेतीन कोटी कार्डं होती. जागतिक मंदीनंतर बँकांनी हात आखडता घेतला आणि २०१२पर्यंत हा आकडा पावणेदोन कोटींच्या घरात आला. वसुलीचा तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. शेजाऱ्यांसमोर नाव घेऊन आरडाओरडा, ऑफिसात फोन. वसुलीसाठी दांडगाई चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये बजावलं. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम घातले. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. ग्राहकाच्या पदरात काय पडलं, ते ज्याचं त्याने मोजावं.

या गदारोळात 'सेटलमेंट' हा सुटकेचा रस्ता वाटला. चाळीस हजारांची थकबाकी व्याज-दंडासह लाखावर गेलेली असायची. एजंट म्हणायचा, "पंचवीस-तीस हजार एकरकमी भरा, विषय संपवा." लोकांनी बायकोचे दागिने मोडून, पीएफ काढून भरले. एजंटने जे सांगितलं नाही ते असं, की बँकेने खातं आधीच 'राइट-ऑफ' केलेलं असलं तरी तो तिच्या ताळेबंदातला व्यवहार असतो, त्याने कर्जदार सुटत नाही. आणि कमी रक्कम घेऊन मिटवलेल्या खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा बसतो.

हा शेरा बसायचा सिबिलकडे. मुंबईतली ही कंपनी २०००मध्ये स्थापन झाली, २००४पासून व्यक्तींच्या कर्जांची नोंद ठेवू लागली. पण सामान्य माणसाला या नोंदींवरून ठरणारा स्वतःचा स्कोअर पाहता येऊ लागला तो २०११पासून, तोही पैसे मोजून. त्यामुळे अनेकांना हा शेरा कळला तो काही वर्षांनी, घरकर्जाचा अर्ज परत आला तेव्हा. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला खरा अन्याय हाच. कर्ज बुडवलं तर नोंद व्हावी, याबद्दल तक्रार नाही, पण ज्याची नोंद त्यालाच ती दिसू नये?

मग लोक वळले ओळखीच्या वाटेकडे. दोन जामीनदार घेऊन गावच्या पतसंस्थेत, किंवा सराफाकडे सोनं ठेवून. हप्ते नियमित फेडले, एकही चुकवला नाही, आणि स्कोअर जिथल्या तिथे. कारण बहुतेक पतसंस्थांचे आणि सराफांचे व्यवहार या नोंदींत पोचतच नाहीत. तेच सोनं बँकेत तारण ठेवलं असतं तर प्रत्येक हप्ता मोजला गेला असता.

पत पुन्हा उभी राहिली ती कंटाळवाण्या मार्गाने. बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घ्यायचं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापरायचं, पूर्ण बिल तारखेआधी भरायचं. शक्य असेल तर बँकेकडे उरलेली रक्कमही भरून 'नो ड्यूज' पत्र घ्यायचं आणि शेरा 'क्लोज्ड' करून मागायचा. वर्षानुवर्षं हेच. 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटांना दिलेले पैसे वायाच जातात. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती कळवल्याशिवाय नोंद बदलत नाही.

२०१७पासून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळू लागला. २०२२पासून सिबिलसारख्या नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या चौकटीने तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबण्याची अट घातली (शेतीकर्ज वगळून). म्हणजे दार कायमचं बंद नाही, हे निदान कागदावर आलं. २०२५मध्ये संस्थांना दर पंधरवड्याला माहिती कळवणं बंधनकारक झालं.

तुमचं जुनं खातं मिटलं असेल तर सिबिलवर थांबू नका. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशाच कंपन्यांचेही अहवाल मागवा, एकीकडे सुधारलेली नोंद दुसरीकडे जुनीच असू शकते. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे, ती मागून घ्या.