मोटारीचे भाग : नवे घ्यावे कीं जुनेच नवे करावे?

दाराशीं मोटार असणें ही आतां श्रीमंतीची खूण राहिली नाहीं. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ती आजोबांस दवाखान्यांत नेते, मुलांस शिकवणीस पोंचविते व वर्षांतून एकदां सर्व मंडळीस कुलदैवताच्या दर्शनास घेऊन जाते. परंतु मोटार विकत घेतांना घरांत जी चर्चा चार-चार दिवस चालते, तिचा शतांशहि पुढें ती मोटार आठ-दहा वर्षांची झाल्यावर होत नाहीं. एके दिवशीं मिस्त्री येऊन सांगतो, “काका, अल्टरनेटर गेला. नवा घालूं, कीं जुनाच करून देऊं?” घरांतील तरुण मंडळी म्हणते, “नवाच घाला, पुन्हां कटकट नको.” वडील मंडळी म्हणते, “जुना होण्यासारखा असतां नवा कशास?” पहिल्या पक्षास पैशाची किंमत कळत नाहीं असें दुसऱ्यास वाटतें, व दुसरा पक्ष कृपण आहे असें पहिल्यास वाटतें, आणि निर्णय अखेर मिस्त्रीच्या सोयीनें होतो. हा निर्णय विचारपूर्वक कसा करावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारांत ‘जुना’ ह्या एकाच शब्दानें तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. मोडीत निघालेल्या गाडीचा काढून, पुसून विकावयास ठेवलेला भाग हा केवळ ‘वापरलेला’ होय. आपल्याच गाडीचा भाग उघडून त्यांतील जें बिघडलें तेवढेंच बदललें, तर तो ‘दुरुस्त केलेला’ होय. आणि भाग पूर्णपणें सुटा करून, धुऊन, प्रत्येक तुकडा मोजून, झिजणारे सर्व तुकडे, ते अद्याप चालत असोत वा नसोत, नवे घालून, शेवटीं यंत्रावर चालवून पारखलेला तो ‘पुनर्निर्मित’ होय. ह्या तिहींत अंतर मोठें आहे. पहिल्यास आपण त्याच्या पूर्वायुष्याविषयीं कांहींहि न जाणतां पत्करतों. दुसऱ्यांत एक दुखणें बरें होतें व बाकीचीं तशींच राहतात. तिसरा मात्र बहुतांशीं नव्याच्या पंक्तीस बसतो. मिस्त्री ‘जुना करून देतों’ असें म्हणतो, तेव्हां बहुधा त्याच्या मनांत दुसरा प्रकार असतो व गिऱ्हाइकाच्या मनांत तिसरा. भांडणाचें मूळ येथेंच आहे.

पुनर्निर्मित भाग नव्याच्या तोडीचा कसा असूं शकेल, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर आपल्या माजघरांतच आहे. पितळेच्या पातेल्यास कल्हई करून आणली म्हणजे तें पुन्हां नव्यासारखें वापरतां येतें. कारण झिजते ती कल्हई, पातेलें नव्हे. परंतु पातेल्यासच चीर गेली असेल, तर कल्हई कितीहि चांगली केली तरी उपयोग नाहीं. मोटारीच्या भागाविषयीं पहिला प्रश्न हाच विचारावा : झिजलें आहे तें काय, कल्हई कीं पातेलें?

अल्टरनेटरचेंच उदाहरण घेऊं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज उत्पन्न करणें व बॅटरी भरीत राहणें हें त्याचें काम. त्याचें अॅल्युमिनियमचें कवच व आंतील लोखंडी गाभा हीं वर्षानुवर्षें झिजत नाहींत. झिजतात ते कोळशाचे दोन लहान ब्रश व दोन टोकांचीं बेअरिंगें. बिघडतात ते विजेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर व प्रवाह एका दिशेस वळविणारे डायोड. हे सर्व बदलतां येतात. स्टार्टरचीहि गोष्ट अशीच : त्यांतील ब्रश, बुश, सोलेनॉइडचे विजेच्या ठिणगीनें खाल्लेले संपर्कबिंदु व चाकास धरणारें लहान दांतेरी चाक नवें बसलें कीं बाकीचा देह दीर्घायुषी असतो. अर्थात् आंतील तारेचें वेटोळें जळलें असेल किंवा कवचास तडा गेला असेल, तर पातेलेंच फुटलें असें समजून नवा भाग घ्यावा.

ही पद्धति गरिबीची ठिगळेगिरी आहे, असा समज असेल तर तोहि सोडून द्यावा. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या फेब्रुवारींत, अमेरिकेंत खासगी मोटारी बनविणें थांबलें तें १९४५ पर्यंत. त्या काळांत असलेल्या गाड्या जुने भाग नवे करूनच चालत्या ठेवाव्या लागल्या. फ्रान्समधील रेनो कंपनीनें पॅरिसनजीक श्वाझी-ल-रवा येथें १९४९ पासून इंजिनें व गिअरपेट्या पुन्हां नव्यासारख्या करण्याचा मोठा कारखाना अनेक दशकें चालविला. अशा व्यापारांत गिऱ्हाइकानें आपला जुना भाग परत द्यावयाचा असतो व तो दिल्यावर त्याची अनामत रक्कम त्यास मिळते. कारण तो जुना देह हाच कारखान्याचा कच्चा माल होय. धातु वितळवून नवें ओतकाम करण्याचें इंधन वांचतें, हा लाभ निराळाच.

दुसरा प्रश्न मजुरीचा. भाग बाहेरच्या बाजूस असून अर्ध्या-पाऊण तासांत निघत असेल, तर फसलों तरी फार बिघडत नाहीं. परंतु गाडीचें पोट उघडून जो भाग घालावा लागतो, त्यांत काटकसर करणें महागांत पडतें. शाळेंत मुलांस जो व्यवहारी हिशेब आम्ही घालीत असूं, तोच येथें मांडून पाहूं. आंकडे कल्पित आहेत, रीति मात्र खरी. समजा, नवी क्लच प्लेट २,५०० रुपयांस मिळते व जुन्या प्लेटीवर नवें अस्तर रिव्हेटांनीं ठोकून १,००० रुपयांत होते. गिअरपेटी उतरविण्याची मजुरी दोहोंस सारखीच, ३,५०० रुपये. नवी ५ वर्षें चालली, तर ६,००० भागिले ५, म्हणजे वर्षास १,२०० रुपये पडले. अस्तर घातलेली २ वर्षें चालली, तर ४,५०० भागिले २, म्हणजे वर्षास २,२५० रुपये. अस्तर नवें असलें तरी प्लेटीच्या मध्यावरील स्प्रिंगा व दांते जुनेच राहिले, हें त्याचें कारण. उलट, नवा अल्टरनेटर ९,००० रुपयांस, चांगला पुनर्निर्मित ४,००० रुपयांस व मजुरी ८०० रुपये धरली, आणि गाडी आणखी ३ वर्षेंच ठेवावयाची असली, तर नव्याचा खर्च वर्षास सुमारें ३,२६७ रुपये व पुनर्निर्मिताचा १,६०० रुपये येतो. तात्पर्य, भागाची किंमत एकटी पाहूं नये. मजुरी मिळवावी व जितकीं वर्षें तो उपयोगी पडेल तितक्यांनीं भागावें.

ह्या भागाकारांत गाडीचें उरलेलें आयुष्यहि येतें. आपल्या देशांत खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें गाडीची तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. चौदाव्या वर्षीं गाडी काढून टाकावयाची ठरली असेल, तर तीस दहा वर्षें टिकणारा भाग घालणें म्हणजे पुढील मालकास दान देणें होय. कांहीं गाड्यांच्या बाबतींत निवडीचा प्रश्नच संपला आहे. पद्मिनीचें उत्पादन थांबून दोन तपांहून अधिक काळ लोटला. अॅम्बॅसॅडर २०१४ सालीं बंद झाली. मारुति ८०० देखील त्याच वर्षीं. ह्या गाड्या ज्यांनीं जपल्या आहेत, त्यांस अनेक भागांसाठीं लेथवाल्या कारागिराचाच आश्रय आहे.

आतां तिसरा प्रश्न, व आमच्या मतें हाच मुख्य : हा भाग वाटेंत दगा देईल तेव्हां काय होईल? अल्टरनेटर बंद पडला तर मंडळी रस्त्याच्या कडेस ताटकळत बसेल, दर्शन चुकेल, मनस्ताप होईल. ब्रेक निकामी झाला तर काय होईल, तें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. जेथें हानि केवळ पैशाची व वेळेची आहे, तेथें काटकसर हा गुण आहे. जेथें ती जीवाची आहे, तेथें तोच दोष होतो. ब्रेकचीं अस्तरें व सिलिंडर, सुकाणूचे सांधे आणि पुढील चाकांचे बॉल जॉइंट हे नवेच व नामांकित घ्यावे. ब्रेकच्या सिलिंडरांत केवळ नवीं रबरें घालण्याची चाल आहे. पण आंतील भिंतीस गंजाचे खळगे पडले असतील, तर तीं रबरें लवकरच फाटतात. पुन्हां रबर चढविलेले टायर मालमोटारींवर सर्रास व योग्य देखरेखीखालीं चालतात. म्हणून ते घरच्या गाडीस घालून घाट चढूं नये. एकदां फुगलेली एअरबॅग व अपघाताचा हिसका बसलेला सुरक्षापट्टा पुन्हां वापरूं नयेत. इंजिनांतील टायमिंगचा पट्टा रबराचाच असतो व तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सर्वनाश होतो. तो वापरलेला कोणी फुकट दिला तरी घेऊं नये.

‘नवा’ म्हटल्यानें सर्व निश्चिंत झालें, असेंहि समजूं नये. मोटारकंपनीच्या वेष्टनांतील भाग, तोच भाग बनविणाऱ्या कारखान्याचा त्याच्या स्वतःच्या नांवानें मिळणारा भाग, तिसऱ्याच कोणाचा स्वस्त भाग आणि हुबेहूब वेष्टनांतील नकली भाग, हे चारहि नवेच. पैकीं दुसरा प्रकार बहुधा पहिल्याहून स्वस्त पडतो व गुणांत कमी नसतो. बॉश किंवा १९६१ सालीं मद्रासेंत निघालेली लुकास-टीव्हीएस ह्यांसारखे कारखाने मोटारकंपन्यांस माल पुरवितात व दुकानांतूनहि विकतात. नकली नव्यापेक्षां प्रामाणिक पुनर्निर्मित भाग केव्हांहि बरा.

शेवटीं व्यवहाराच्या चार सूचना. एक : आधीं निदान, मग औषध. इंजिन चालू असतां बॅटरीच्या टोकांशीं साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब दिसला, तर अल्टरनेटर आपलें काम करीत आहे असें समजण्यास हरकत नाहीं. कांहीं नव्या गाड्यांत संगणक हा दाब कमी-अधिक करतो, हें मात्र ध्यानांत ठेवावें. गाडी सुरू न होण्याचें कारण पुष्कळदां बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर एवढेंच असतें. दोन : भाग कां बिघडला, तें विचारावें. इंजिनाचें तेल अल्टरनेटरवर ठिबकत असेल, तर तें न थांबवितां घातलेला नवा भागहि लवकरच त्याच वाटेनें जाईल. तीन : ‘करून देतों’ असें म्हणणाऱ्यास काय काय बदलणार तें कागदावर लिहून मागावें, व काढलेले तुकडे परत घ्यावे. चार : पक्की पावती व हमीची मुदत ह्यांवांचून पैसे देऊं नयेत, आणि घरांत मोटारीची एक वही ठेवून तींत भाग, तारीख, किंमत व मोटार किती किलोमीटर चालली तें टिपावें. 

ही वही दोन-तीन वर्षें नीट राखली, तर कोणत्या मिस्त्रीचें काम टिकतें, कोणता भाग वरचेवर पैसे खातो व गाडी केव्हां काढून टाकावी, हें तीच सांगूं लागेल. आणि ‘नवा कीं जुना’ हा वाद घरांत आवाज चढवून नव्हे, तर वही उघडून मिटेल.