गोदावरीच्या मुखाशी साठलेला आपला पाऊस

बीडच्या बिंदुसरेचे पाणी सिंदफणेला, सिंदफणेचे गोदावरीला आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या खोऱ्यातल्या पावसाची हजारो वर्षांची नोंद म्हणूनच तिथल्या गाळात सापडते. ती ठेवली आहे फोरॅमिनिफेरा नावाच्या, वाळूच्या कणाएवढ्या एकपेशीय जीवांनी.

पाण्यात हलका (16) आणि जड (18) असा दोन्ही प्रकारचा ऑक्सिजन असतो. वाफ होताना हलका जास्त उडतो, त्यामुळे पावसाच्या व नदीच्या पाण्यात तो तुलनेने अधिक असतो. नद्यांना भरपूर पाणी आले की समुद्राचे वरचे पाणी कमी खारट होते आणि त्यातला हलका ऑक्सिजन वाढतो. पाऊस हटला की उलट. त्याच पाण्यातून हे जीव चुन्याचे कवच बांधतात आणि मेल्यावर तळाशी जातात. तापमानाचाही परिणाम होतो, तो वेगळा काढावा लागतो.

2006 च्या भारतीय गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोरून असा गाळ काढला गेला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या पानांच्या मेणावरून दिसले, की सुमारे 4000 ते 1700 वर्षांपूर्वी खोऱ्यात कोरड्यात तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या. कवचांनी सांगितले, की गेल्या 3000 वर्षांत, विशेषतः सातवाहनांनंतरच्या काळात, समुद्र अधूनमधून फार खारट झाला.

म्हणजे कोरडेपणा जुनाच. पण म्हणून दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणे भूमिहीनांच्या नशिबातच लिहिले आहे, हे आम्हाला मान्य नाही. याच कोरड्या होत चाललेल्या मुलखात लोक स्थिर शेती करू लागले, असेही तोच अभ्यास नोंदवतो.