बिननावाची विमानं

लास वेगासच्या हॅरी रीड विमानतळावर जुगाराच्या नादाने आलेले, लग्न उरकायला आलेले, मुष्टियुद्ध बघायला आलेले अशा सगळ्यांची अखंड वर्दळ असते. याच विमानतळाच्या पश्चिम कडेला कुंपणाआड एक वेगळं, बेताचं टर्मिनल आहे. शेजारी कर्मचाऱ्यांच्या गाड्यांसाठी भलंमोठं पार्किंग. समोर बोइंग ७३७-६०० विमानं उभी असतात. पांढरीशुभ्र, खिडक्यांच्या रांगेवरून लांबच लांब ओढलेला लाल पट्टा. ना कंपनीचं नाव, ना बोधचिन्ह. मागच्या बाजूला नोंदणी क्रमांक तेवढा असतो. आसपासच्या हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवरून हे सगळं आरामात दिसतं.

नियंत्रण कक्षाशी बोलताना ही विमानं स्वतःला ‘जॅनेट’ म्हणवतात, म्हणून लोकांनीही तेच नाव धरलं. ‘जस्ट अनदर नॉन-एग्झिस्टंट टर्मिनल’ अशी त्याची फोड कोणीतरी गमतीने केली आणि ती चिकटली. सेवा अमेरिकी हवाई दलाची, चालवायला खासगी ठेकेदार. २०१८ मध्ये हवाईसेविकांच्या जागांची जाहिरात निघाली, तेव्हा उमेदवाराला अतिगोपनीय कामाचा परवाना मिळण्याजोगा असावा, अशी अट होती. गंमत म्हणजे ताफ्यातली बहुतेक ७३७ विमानं पूर्वी चिनी विमान कंपनीकडे होती!

या विमानांतून कर्मचाऱ्यांना जायचं असतं मुख्यतः नेवाडाच्या वाळवंटातल्या ग्रूम लेकला, म्हणजे ‘एरिया ५१’ या जगभर गाजलेल्या गुप्त तळाला. अंतर सुमारे १३० किलोमीटर. ठाण्याहून दादरला पोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात विमान उतरतं. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी.

या ये-जाची सुरुवात १९५५ची. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी लॉकहीड कंपनी यू-२ हे टेहळणी विमान बनवत होती आणि त्याच्या चाचण्यांसाठी ग्रूम लेकचं कोरडं, सपाट तळं निवडलं होतं. अभियंते कॅलिफोर्नियातल्या बरबँकचे. त्यांना तिथे राहायला पाठवावं तर गाव नाही, रोज मोटारीने न्यावं तर रस्ता लांबचा. ३ ऑक्टोबरपासून हवाई दलाने विमानसेवा सुरू केली. सात आठवडेही झाले नव्हते, तोच १७ नोव्हेंबरला बर्फाच्या वादळात त्यांचं सी-५४ विमान लास वेगासजवळच्या माउंट चार्ल्सटनवर आदळलं. आतले चौदाही जण गेले. लॉकहीडने मग स्वतःचं सी-४७ विमान त्या कामाला लावलं. आपला माणूस नेमका कोणत्या कामावर निघाला होता, हे घरच्यांना कित्येक दशकं कळलं नाही. ‘एरिया ५१’ची हकीकत सीआयएने कागदपत्रं खुली करून मान्य केली, तीच मुळी २०१३ मध्ये. डोंगराच्या पायथ्याशी आता त्या चौदा जणांचं स्मारक आहे.

१९८०च्या दशकात नेवाडातलाच टोनोपाचा चाचणी तळ गजबजला. रडारला सहजी न सापडणारी एफ-११७ विमानं तिथे ठेवलेली होती. वैमानिकांची कुटुंबं लास वेगासकडे. सोमवारी विमानाने तळावर जायचं, आठवडाभर दिवसा झोपायचं, रात्री उडायचं आणि शुक्रवारी घरी परतायचं. आठवडा कसा गेला, असं बायकोने विचारलं तर काय सांगत असतील? १९८८च्या नोव्हेंबरपर्यंत सरकार त्या विमानाचं अस्तित्वच कबूल करत नव्हतं.

मोठ्या विमानांच्या जोडीला या ताफ्यात छोटी बीचक्राफ्ट विमानंही आहेत. मार्च २००४ मध्ये त्यांतलं एक टोनोपाच्या तळावर उतरता उतरता कोसळलं. वैमानिकासह पाच जण दगावले. चौकशीत निघालं ते असं : वैमानिकाचं हृदय हवेतच बंद पडलं होतं. जिथे नोकरीला लावण्याआधी माणसाची सात पिढ्यांची झडती घेतात, तिथे या गृहस्थाने आपलं दुखणं वैद्यकीय तपासणीत लपवून ठेवलं होतं.