उठायचं किती वाजता?

मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये आणणं हे ताकदीपेक्षा अंदाजाचं काम. खुर्ची पलंगाशी तिरकी लावायची, ब्रेक ओढायचे, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढायचा, गुळगुळीत फळीचं टोक मांडीखाली सरकवायचं आणि त्याला पुढे झुकवून अलगद पलीकडे न्यायचं. कातडी घासली गेली तर जखम होते, आणि संवेदना नसल्यामुळे ती त्याला कळतही नाही. त्याआधी कॅथेटर, आंघोळ, कंबरेखाली कुठे लाली आली आहे का ते पाहणं. यातलं काहीच तो स्वतःच्या हातांनी करत नाही. तरीही तो स्वतंत्र असू शकतो, असं माझं म्हणणं आहे. फक्त किती वाजता उठायचं, आधी चहा की आधी आंघोळ आणि हे सगळं कुणाकडून करून घ्यायचं, हे त्याने ठरवलेलं असलं पाहिजे.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सचं उदाहरण घ्या. तो पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा होता, झोपायला लोखंडी श्वसनयंत्र लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने त्याला नोकरीसाठी अपात्र ठरवलं होतं. तो १९६२ मध्ये बर्कली विद्यापीठात शिकायला गेला, मदतनीस ठेवून राहिला, १९७२ मध्ये तिथल्या स्वतंत्र जीवन केंद्राच्या उभारणीत पुढे होता आणि १९७५ मध्ये त्याच खात्याचा संचालक झाला. स्वीडनमध्ये १९९४ पासून मदतीचे तास कायद्याने मंजूर होतात. मदतनीस कंपनीकडून घ्यायचा, सहकारी संस्थेकडून की स्वतः नेमायचा, हे मदत घेणारी व्यक्ती ठरवते.

आपल्याकडे कुटुंब आहे, मग पगारी माणूस कशाला, असं विचारलं जातं. कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा आई किंवा बायको. तिचं कंबरडं मोडतं त्याचा हिशेब कुठेच लागत नाही, म्हणून ही मदत फुकट वाटते. शिवाय चुकणाऱ्या मदतनिसाला बदलता येतं. आईला ‘जरा हळू’ म्हणतानाही उपकाराचं ओझं आडवं येतं. पगारी माणूसही त्रास देऊ शकतो, हे खरंच. पण त्याला कामावरून काढायचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे असला, तर तो त्रास मुकाट सोसावा लागतो. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये वैयक्तिक सहाय्याचा उल्लेख आहे, कलम २४ मध्ये मदतनीस भत्त्याचाही, पण सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घालून. कुवत कमी असेल तर सुरुवातीला तास कमी द्यावेत, पगाराच्या पावत्याही मागाव्यात. भत्ता मात्र संस्थेच्या किंवा घरातल्या इतर कुणाच्या खात्यात वळवू नये.